डाव्या हाताला तापी

लग्नाच्या वर्षी लीलाधर म्हणाला होता, समुद्र दाखवीन.
मालगाडीचा गार्ड तो. एकतीस वर्षं
भुसावळहून इगतपुरीला नेऊन सोडली गाडी.
घाट पुढच्या गार्डाचा,
समुद्रही त्याचाच.

आता त्याचा गुडघा बदललाय, गाडी मी चालवते.
छप्पन्नाव्या वर्षी शिकले, शाळेच्या मैदानात,
तेलाचे दोन डबे उभे करून.
तो मागच्या सीटवर बसतो.
"गार्ड मागंच असतो," म्हणतो, आणि वही काढतो.

*भुसावळ सुटले ६.१०. उशीर दहा मिनिटे.
कारण: ड्रायव्हरला चष्मा सापडेना.*

कोकणात जाऊन आलेली शेजारची सुलभा सांगत होती,
एका हाताला डोंगर, एका हाताला पाणी, मधून आपण.
म्हटलं, मग ते आपल्याकडेही आहे की.
पूल ओलांडून पश्चिमेला वळलं
की उजव्या हाताला सातपुडा,
डाव्या हाताला तापी.

फक्त ती दिसत नाही.
केळीच्या आड चालत असते,
पाहुणे आले की आतल्या आत वावरणाऱ्या बाईसारखी.
दिसतो तो नुसता काठ, हिरवा, कोसच्या कोस.
काच खाली केली तर फाटक्या पानांचा आवाज.
लाटांसारखा?
नाही. केळीसारखाच.

*यावल ७.०५. चहा. साखर जास्त.*

चोपड्याच्या अलीकडं पंक्चर.
टायरवाला भटू, कानात पेन्सिल,
"कथा चालनात, बहीन?"
"समुद्राला."
पान्यावर पाय देऊन हसला तो. "अठे समिंदर कथाईन?"
मग टायर पाण्यात बुडवला, बुडबुडे बघत राहिला,
आणि जरा गंभीर होऊन म्हणाला,
"पानी शे पुढे. परकासाले."
दहा रुपये कमी घेतले त्यानं. का, ते विचारलं नाही.

अनेरच्या पुलावर मी गाडी सावकाश घेतली.
घोट्याएवढं पाणी, वाळूत चार म्हशी,
एकीच्या पाठीवर बगळा.
हीसुद्धा तिकडंच निघालेली,
पण हिला वेळापत्रक नाही.

शिरपूरला शेवभाजी. तर्रीनं त्याचं टक्कल घामेजलं.
मी समुद्राच्या नावानं चिमूटभर मीठ वर घेतलं.
डॉक्टरनं नको सांगितलंय.
वहीत नोंद नाही.

शहाद्याच्या पुढं ऊन तिरकं झालं, समोरून डोळ्यात.
तो मागून सिग्नल सांगत राहिला,
बैलगाडी, गतिरोधक, पोरं, पुन्हा गतिरोधक,
आणि मी प्रत्येकाला "बघितलं" म्हणत राहिले
तसं न बघताच.

प्रकाशाला घाटाकडं एक उतार जातो.
तिथं केळीनं वाट सोडली,
आणि अडवलेलं पाणी एकदम रुंद निघालं,
पलीकडचा काठ पेन्सिलीची रेघ.
मी गाडी वळवली, रिव्हर्स टाकला,
बोटबोट करत मागं नेली.

आयुष्यभर ज्यानं सगळं लांब जाताना पाहिलं,
फलाट, केबिन, रुळाच्या कडेला हात हलवणारी पोरं,
त्याच्याकडं काहीतरी येत होतं.
मागच्या काचेला नाक लावून तो म्हणाला,
"बस. बस."
आणि मग, "अजून थोडं."

उतरताना गुडघा कुरकुरला, दाराला धरून उभा राहिला.
एक कुरव पाण्याला शिवून वर गेला.
पलीकडं कुणी चादर पिळत होतं, दोघं दोन टोकांना.
मी ओंजळभर चाखून पाहिलं.
गोडच. जरासं गढूळ.
"खारट व्हायला वेळ आहे तिला," तो म्हणाला.

रात्री धर्मशाळेच्या पिवळ्या दिव्याखाली
वही उघडीच राहिली होती.

*प्रकाशा ५.५०. माल सुस्थितीत.
येथून पुढचा चार्ज: तापी.*

खाली सहीसाठी दोन रेघा आखलेल्या,
एकीवर त्याची सही, तारखेसकट.
दुसरी रिकामी.
मी चष्मा शोधते आहे.